अफूच्या गोळीमागची माणसे



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'अफूचे व्यसन' असे उत्तर दिले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "विषय उत्तम आहे, पण आपल्या गावात अफू कोण खातो?" प्रश्न अगदी प्रामाणिक होता. आम्हांस एवढेच वाटले, की हा प्रश्न आजवर ज्या ज्या गावी विचारला गेला, त्यांतल्या कितीतरी गावांना त्याचे उत्तर फार उशिरा मिळाले. म्हणून विषय बदलला नाही.

अफू म्हटली की भिंतीला टेकून पेंगणारा एखादा म्हातारा आपल्या डोळ्यांसमोर येतो. आम्ही मात्र तान्ह्या मुलापासून सुरुवात करणार आहोत. येथे बसलेल्या आजीबाईंना बाळगुटी ठाऊक आहे. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग यांचे सहाणेवरचे वळसे त्यांच्या बोटांना अजून आठवत असतील. बाळगोळी ही त्याहून निराळी वस्तू. अफू घातलेली ती इवलीशी गोळी शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात घरोघर वापरात होती. १९२२ साली मुंबई सरकारने नेमलेल्या एका स्त्री-डॉक्टरने गिरण्यांत काम करणाऱ्या बायांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या जवळजवळ सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जाते असे आढळून आले. का दिली जात असे? बाई सकाळी गिरणीत जावयाची ती दहा-दहा तासांनी परतावयाची. चाळीतल्या एका खोलीत मूल कोणापाशी ठेवावयाचे? शेजारच्या म्हातारीपाशी, नाहीतर सहा-सात वर्षांच्या थोरल्या मुलीपाशी. गोळी दिली की मूल निजून राही, रडत नसे, भुकेनेही उठत नसे.

त्या आईला दुष्ट म्हणावयाचे काय? पुष्कळांनी म्हटले. तिला अडाणी म्हणणारे तर फारच होते. तिला उपदेश करणे सोपे होते. पण उपदेश काही मूल सांभाळीत नव्हता. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा व भत्त्याचा कायदा झाला, आणि १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाने पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करीत असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. बाळगोळीवरचा खरा उतारा कोणत्याही औषधाच्या बाटलीत नव्हता. तो पाळणाघरात होता.

गोळी ही कोणत्या तरी उणिवेच्या जागेवर येऊन बसलेली असते, आणि ती तेथवर आणून देणारा कोणी तरी असतो. ज्याच्या तोंडात ती जाते त्याच्याकडे आपण सगळे बोट दाखवतो. आमच्या धंद्याने, म्हणजे समाजकार्याने, आम्हांस उरलेल्या दोघांकडे पाहावयास शिकवले. उणीव कोणती आणि पुरवठा कोणाचा, हे दोन प्रश्न घेऊन आज थोडा दूरचा प्रवास करू.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाचे डोंगराळ राज्य आहे. कोळशाच्या खाणींचा तो मुलूख. त्याच्या एका टोकाला, नदीकाठी, कर्मिट म्हणून एक खेडे आहे. वस्ती सुमारे चारशे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. ह्या खेड्यातल्या एका औषधाच्या दुकानात दोन वर्षांत वेदनाशामक अफूजन्य गोळ्या किती आल्या असतील? जवळजवळ नव्वद लाख! एरिक आयर नावाच्या स्थानिक वर्तमानपत्राच्या बातमीदाराने हे आकडे न्यायालयातून झगडून मिळवले आणि २०१६ साली छापले. पुढल्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. चारशे माणसांना नव्वद लाख गोळ्या कशाला लागतात, असा प्रश्न त्या ठोक व्यापाऱ्यांच्या एकाही हिशेबनिसाला पडला नसेल काय? पडला असेल, पण माल खपत होता.

ह्या गोळ्या आल्या कशा, ते थोडे मागे जाऊन सांगावे लागेल. पोस्ताच्या बोंडाला चिरा दिल्या म्हणजे जो चीक पाझरतो ती अफू. तिच्यातले वेदना मारणारे सत्त्व, मॉर्फिन, एका जर्मन औषधविक्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वेगळे केले. १८९८ साली बायर कंपनीने मॉर्फिनपासून केलेले एक नवे औषध खोकल्यावर म्हणून बाजारात आणले आणि त्याला पराक्रमसूचक नाव दिले : हेरॉइन. आज हे ऐकून हसू येते. पण त्या वेळी डॉक्टरांना ते मॉर्फिनहून निर्धोक वाटले होते. अफूच्या वंशातले प्रत्येक नवे अपत्य 'हे मागल्यासारखे नाही हो' अशा शिफारशीनेच घरात शिरले आहे.

१९९६ साली पर्ड्यू फार्मा ह्या अमेरिकन कंपनीने ऑक्सिकॉन्टिन नावाची गोळी विकावयास काढली. औषध हळूहळू बारा तास अंगात उतरते, म्हणून त्याची चटक लागण्याची भीती कमी, असे सांगण्यात आले. गोळी कुटली की सगळे औषध एकदम मोकळे होते, ही गोष्ट लोकांना लौकरच कळली. व्यसन क्वचितच लागते ह्या म्हणण्याला आधार म्हणून ज्याचा पुनःपुन्हा उल्लेख होत असे, ते एका वैद्यकीय नियतकालिकातले १९८० सालचे पत्र होते. निबंध नव्हे, पत्र; आणि तेही पाच वाक्यांचे. इस्पितळात देखरेखीखाली ज्यांना अशी औषधे मिळाली त्या अकरा हजारांवर रोग्यांत फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढेच त्यात म्हटले होते. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. पुढे २०१७ साली कोणी मोजदाद केली, तेव्हा ह्या पाच वाक्यांचा दाखला सहाशेहून अधिक ठिकाणी दिलेला आढळला. आपल्याकडे एखादा श्लोक संदर्भ सोडून फिरतो, तसे हे पत्र फिरले. २००७ साली कंपनीने खोट्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला, साठ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरली आणि विक्री चालू ठेवली.

येथपर्यंत झाली पुरवठ्याची बाजू. पण गोळी कर्मिटमध्येच एवढी का रुजली? खाणीत वाकून काम केलेल्या माणसाची पाठ दुखते. हे दुखणे खोटे नव्हते. विमा गोळीचे पैसे देई, पण महिनाभर मालिश-व्यायाम देणाऱ्याचे पैसे देताना खळखळ करी. दरम्यान यंत्रे आली, खाणी बंद पडू लागल्या, तरणी मुले गाव सोडून गेली. अँगस डीटन व अ‍ॅन केस ह्या अर्थशास्त्रज्ञ दांपत्याने २०१५ साली दाखवून दिले, की अमेरिकेतील मध्यमवयीन गोऱ्या लोकांत, विशेषतः कॉलेज न शिकलेल्यांत, मृत्यूचे प्रमाण उलट वाढते आहे. कारणे तीन : नशेची अतिमात्रा, दारूने बिघडलेले यकृत आणि आत्महत्या. हे मृत्यू त्यांनी निराशेच्या खात्यावर मांडले. काळ्या लोकांच्या वेदनेवर तिकडच्या डॉक्टरांचा विश्वास कमी, म्हणून त्यांच्या वाट्याला आरंभी गोळ्याही कमी आल्या; आणि पूर्वी काळ्या वस्तीत हेरॉइन पसरले तेव्हा ज्याला गुन्हा म्हणून तुरुंग दाखवला, त्यालाच गोरी घरे उद्ध्वस्त होऊ लागल्यावर आजार हे नाव मिळाले. नाव बरोबर होते. ते उशिरा मिळाले, आणि ज्यांचे दार आधी वाजले होते त्यांना मिळाले नाही.

२०१० साली गोळी कुटता येणार नाही अशी केली. तेव्हा लोक हेरॉइनकडे वळले. ते स्वस्त होते. २०१३ च्या सुमारास फेंटानिल आले. ह्याला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही. चीनमधून रसायने येतात, मेक्सिकोत टोळ्या माल बनवतात, आणि मिठाच्या चार-दोन कणांएवढी मात्रा माणसाचा श्वास थांबवते. २०२१, २०२२ आणि २०२३ ह्या तिन्ही वर्षांत अमेरिकेत नशेच्या अतिमात्रेने दरसाल लाखाहून अधिक माणसे दगावली. त्यांतली सुमारे तीन-चतुर्थांश अफूच्या गोतातल्या द्रव्यांनी. २०२४ साली हा आकडा ऐंशी हजारांच्या आसपास उतरला, याला तिकडे यश म्हणतात.

परिस्थितीचा वाटा किती, हे दाखवणारा एक जुना दाखला सांगितल्यावाचून राहवत नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन शिपायांना हेरॉइन अगदी सहज मिळे, आणि १९७१ मध्ये परतणाऱ्यांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्शाने आपल्याला तिकडे व्यसन लागले होते असे सांगितले. सरकार हादरले. ली रॉबिन्स ह्या विदुषीने घरी परतलेल्या त्या शिपायांचा माग घेतला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले निघाले शेकडा पाचाच्या आसपास. द्रव्य तेच, शरीर तेच. भोवतालचे जंगल, भीती आणि रिकामे तास मात्र मागे राहिले होते. म्हणून द्रव्याचा काही दोष नाही असे आम्ही म्हणत नाही. पण व्यसन म्हणजे केवळ दुबळे मन, हे म्हणणाऱ्यांनी ह्या शिपायांचे काय झाले ते सांगावे.

आता पुरवठ्याच्या बाजूला आपण स्वतः कोठे उभे होतो, तेही पाहिले पाहिजे. अफूचा जागतिक व्यापार हा काही अमेरिकेचा शोध नव्हे. एकोणिसाव्या शतकात माळव्यात, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली अफू चीनला जात असे. कंपनी सरकारने ती अडवण्याची खटपट केली, ती धर्मबुद्धीने नव्हे; बंगालच्या सरकारी अफूला तिची स्पर्धा होई म्हणून. मग अडवण्यापेक्षा जकात घेणे फायद्याचे ठरले. १८४३ साली सिंध इंग्रजांनी घेतल्यावर कराचीची चोरवाट बंद झाली आणि माळव्याची अफू मुंबई बंदराच्या हाती आली. त्याआधी १८३९ साली लिन झेशू ह्या चिनी अधिकाऱ्याने वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या, त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. पुढे काय झाले ते इतिहासात 'अफूची युद्धे' ह्या नावाने प्रसिद्धच आहे.

मुंबईचे जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती ह्याच चीनच्या व्यापारातली, कापसाची आणि अफूची. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले इस्पितळ १८४५ पासून गोरगरिबांची सेवा करीत आहे, आणि त्या इस्पितळाविषयी आमच्या मनात आदरच आहे. पर्ड्यू कंपनीचे मालक सॅकलर घराणेही दानशूर. पॅरिसच्या लूव्हरने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२१ मध्ये त्यांचे नाव दालनांवरून उतरवले. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असे नव्हे. काळ निराळा, कायदा निराळा. पण त्याच शतकात त्याच मुंबईतले दादाभाई नौरोजी चीनला विष पाजून हिंदुस्थानचा खजिना भरण्याच्या धोरणावर कडक शब्दांत लिहीत होते. तेव्हा 'त्या काळी कोणाला कळत नव्हते' ही सबब पुरती टिकत नाही.

आणि हा सगळा जुना इतिहास, असेही समजू नये. २०२५ च्या फेब्रुवारीत असे उघडकीस आले, की मुंबईतली एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल ह्या अफूसदृश वेदनाशामकात स्नायू सैल करणारे दुसरे द्रव्य मिसळून त्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट ह्या देशांत पाठवीत होती, आणि तिकडच्या रस्त्यांवर तरुण पोरे त्या खात होती. सरकारने अशा मिश्रणाची निर्मिती व निर्यात ताबडतोब बंद केली. तिकडच्या एखाद्या गावातही कोणी चिटणीस म्हणाला असेल, आपल्या गावात कोण खातो?

आपल्याकडे हेरॉइन 'गर्द' ह्या नावाने आले. १९७९ नंतर इराण-अफगाणिस्तानात उलथापालथ झाली, मालाच्या वाटा बदलल्या, आणि १९८० नंतरच्या वर्षांत मुंबईच्या गल्ल्यांत तपकिरी पूड दिसू लागली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख माणसे घरी बसली, त्यांतली कितीतरी कायमची. संपाने गर्द आणली असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु पूड गल्लीत येण्याला आणि बापाचा पगार थांबण्याला एकच मुहूर्त लागला. डॉक्टर अनिल अवचटांनी त्या सुमारास गर्दच्या विळख्याविषयी लिहिले, ते महाराष्ट्राने वाचले. आणि १९८६ साली डॉक्टर सुनंदा अवचट व त्यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यास मुक्तांगण सुरू केले. आमच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी तेथून पुष्कळ उचलले. व्यसनी माणसाला चोर समजून नव्हे, पाहुणा समजून बसवावयाचे, हे मुख्य.

ते आमच्या अंगी लगेच उतरले नाही. आम्ही नवखे असताना एका संस्थेत काम करीत होतो. तेथे नियम असा, की दोनदा उपचार घेऊन जो पुन्हा पुडीकडे वळला त्याला तिसऱ्यांदा घ्यावयाचे नाही. एका सुटलेल्या गिरणीकामगाराचा मुलगा तिसऱ्यांदा आला. संगे आई होती. आम्ही तिला नियम वाचून दाखवला. आवाज मऊ ठेवला होता, एवढेच. ती म्हणाली, "बरं. मग आता कुठल्या दाराशी नेऊ त्याला, तेवढं सांगा." आमच्यापाशी दुसऱ्या दाराचा पत्ता नव्हता. तो मुलगा पुन्हा कोठल्याही नोंदवहीत आम्हांस दिसला नाही. नियम करणाऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. तो वाचणारे आम्ही होतो.

त्यानंतर आम्ही काय निराळे करू लागलो, ते सांगतो. पूड बंद केली की आठवडाभर हाडे ठणकतात, नाक गळते, पोटात कळा येतात, झोप उडते. ह्या अवस्थेला ही मुले 'टर्की' म्हणतात. घरच्यांना वाटते, टर्की उतरली की सुटला. खरे काम तेव्हा सुरू होते. आणि खरा धोकाही तेव्हाच असतो. उपचार घेऊन किंवा तुरुंगातून बाहेर आलेल्याच्या शरीराची सवय मोडलेली असते. मोहाच्या एका क्षणी तो पूर्वीचीच मात्रा घेतो, आणि ती आता त्याला झेपत नाही. बाहेर आल्यावरचे पहिले पंधरा दिवस म्हणूनच फार जपावयाचे असतात. त्या दिवसांत आम्ही घरी जातो. चहा घेतो. कर्ज किती आणि कोणाचे, ते विचारतो. बायको कोठे कामाला जाते, तिच्या पगाराचे पाकीट कोणाच्या हाती पडते, हे पाहतो. मालकाला भेटतो. रात्री आठ ते दहा ह्या वेळात तो कोणाबरोबर बसणार, हा प्रश्न आमच्या कागदावर औषधाच्या वरच्या ओळीत असतो.

औषधाविषयीही बोलले पाहिजे, कारण त्याबद्दल फार गैरसमज आहेत. जिभेखाली ठेवावयाची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी काही रोग्यांना महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे द्यावी लागते. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असे सुशिक्षित माणसेही म्हणतात. फ्रान्सने १९९५ नंतर साध्या डॉक्टरांना हे औषध देण्याची मोकळीक दिली, आणि चार वर्षांत तेथले अतिमात्रेचे मृत्यू पूर्वीच्या पाचव्या हिश्शाच्या जवळपास आले. टर्की नाही, चोरी नाही, सुई नाही, आणि सकाळी कामावर जाता येते. हिला नशा म्हणावयाचे असेल तर चष्म्यालाही व्यसन म्हणावे लागेल. कायद्याविषयी एक गोष्ट येथे बसलेल्या आईबापांनी ध्यानात ठेवावी. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा कडक आहे खरा, पण त्याच्याच ६४-अ कलमान्वये, जो व्यसनी स्वतः होऊन मान्य केंद्रात उपचार घेईल त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पोलिसांच्या भीतीने मूल लपवून ठेवणाऱ्या घरांना हे कोणी सांगतच नाही.

ह्याच कायद्याची दुसरी बाजू फार दुःखाची आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश येथे आजही परवान्याने पोस्त पिकते आणि जगाच्या औषधांना अफू पुरवते. पण १९८५ नंतर परवान्यांचे जाळे इतके किचकट झाले, की आपल्याच देशात औषधी मॉर्फिनचा खप एकदम घसरला, आणि कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील माणसे कण्हत राहिली. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला; तरी पुष्कळ गावी डॉक्टर अजून मॉर्फिन ठेवावयास बिचकतात. तिकडे पाठदुखीला नव्वद लाख गोळ्या, आणि इकडे हाडांत पसरलेल्या कर्करोगाला एकही नाही! व्यसनाच्या भीतीने कोणी वेदनेकडे पाठ फिरवू नये, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

चिटणिसांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे ह्या देशात सुमारे दोन कोटी सव्वीस लाख लोक अफूच्या गोतातली द्रव्ये घेतात, आणि सत्याहत्तर लाखांना त्यासाठी मदतीची गरज आहे. गावोगावची यादी त्या अहवालात नाही. आपल्या गावची यादी औषधाच्या दुकानांना थोडीफार ठाऊक असेल, डॉक्टरांना थोडी, आणि बंद दाराआडच्या आयांना पुरती.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, ते आमच्या लक्षात आले. व्याख्यानानंतर प्रश्न विचारावयाचे असतात. पण ह्या विषयावर सभेत उभे राहून कोणी प्रश्न विचारीत नाही, हा आमचा अनुभव आहे. म्हणून चिटणिसांनी सभागृहामागची ग्रंथालयाची खोली उद्या सकाळी आठ ते बारा आमच्यासाठी उघडी ठेवली आहे. नाव सांगावे लागणार नाही. मागच्या गल्लीकडूनही तिला एक दार आहे.